मॉरिशसला नक्की कोणत्या महिन्यात जावं?

प्रश्न: आम्ही सांगलीत राहतो. मॉरिशसला जायचं बऱ्याच वर्षांपासून घोळतंय, आता पैसे बाजूला पडलेत. घरात पाच जण: मी, हे, बारावीतली मुलगी, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७२, गुडघे दुखतात, थंडी बाधते. मुलांच्या सुट्ट्या बघता मला मे महिना सोयीचा वाटतो. पण एजंट म्हणतो, मे महिन्यात बेटांवर पाऊस सुरू होतो, त्यापेक्षा फेब्रुवारीत जा, पॅकेजही स्वस्त करून देतो. जाऊबाई म्हणतात, मे म्हणजे तिकडे हिवाळा, समुद्रात पाय घालवणार नाही. ह्यांचं म्हणणं, मग पुढच्या नाताळातच जाऊ, सगळं जग तेव्हा जातं म्हणजे काहीतरी असेलच. सासूबाईंनी ऐकलंय की तिथे आपली मराठी माणसं गणपती बसवतात, त्यांना तो बघायचाय. मुलाला फक्त पाण्यात डुंबायचंय. आणि मला एवढंच हवंय की इतके पैसे घालून खोलीच्या खिडकीतून पाऊस बघत बसायची वेळ येऊ नये. कोणता महिना धरू?

उत्तर: ताई, उत्तर आधीच देऊन टाकते. मे महिन्यातच जा. फक्त १५ तारीख उलटू द्या, आणि राहायची जागा बेटाच्या पश्चिमेला किंवा उत्तरेला घ्या. घाईत असाल तर इथवर वाचलंत तरी भागेल. पण घरात पाच माणसं आणि जवळपास तितकीच मतं आहेत, वर जाऊबाई आणि एजंट. त्या सगळ्यांना गप्प करायला तुम्हाला कारणं लागणार, म्हणून पुढचं लिहिते.

सुरुवात एजंटापासून करू. घरात बारावीची मुलगी असताना तिच्या आईला फेब्रुवारीचं पॅकेज सुचवणाऱ्या माणसाच्या धाडसाला दाद द्यायला हवी. त्याची पावसाची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही, फक्त बेट चुकलंय. अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मान्सून पोचतो. लक्षद्वीप-मालदीवकडेही मेच्या उत्तरार्धात हवा बिघडायला लागते. ही आपल्याच मान्सूनच्या वाटेवरची बेटं. मॉरिशस विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे, त्यामुळे तिथलं सगळं उलटं चालतं. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, जून ते सप्टेंबर हिवाळा, आणि मे व ऑक्टोबर हे मधले, ऋतू पालटण्याचे महिने. पाऊसही तिथे उन्हाळ्यातच पडतो. वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला दोन तृतीयांश उन्हाळ्याच्या त्या सहा महिन्यांत, आणि सर्वांत ओले महिने कोणते म्हणाल तर फेब्रुवारी आणि मार्च. म्हणजे पावसाची भीती घालून हा गृहस्थ तुम्हाला नेमका भर पावसात पाठवतोय. पॅकेज स्वस्त का आहे, ते आता कळलं असेल.

फेब्रुवारीवर अन्याय नको, म्हणून एक सांगते. तिथला पाऊस रोज दिवसभर लागून राहतो असं नाही. जोरदार सर येते, तासाभरात ऊन पडतं, आणि समुद्राचं पाणी त्या दिवसांत वर्षातलं सर्वांत कोमट असतं, २८ अंशांच्या आसपास. नुकतं लग्न झालेलं, पैसे जपून वापरणारं जोडपं असतं तर मी ‘जा, बघून घ्या’ म्हटलंही असतं. पाच जणांच्या कुटुंबाला, त्यात सत्तरी ओलांडलेलं माणूस बरोबर असताना, खरी धास्ती पावसाची नाही, चक्रीवादळाची आहे. नैर्ऋत्य हिंदी महासागरात वादळांचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, जोर जानेवारी ते मार्च. आता तारखेचं बघा: बाकीच्या भागासाठी हा हंगाम ३० एप्रिलला संपला असं धरतात, पण मॉरिशस आणि सेशेल्ससाठी तो १५ मेपर्यंत मोजतात. मी १५ तारखेवर अडून बसले ते एवढ्यासाठी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात वादळ येतंच असं मुळीच नाही, फार क्वचित येतं. पण जायचा दिवस आपल्याच हातात असताना दहा-बारा दिवस पुढे सरकायला काय हरकत आहे?

वादळ येतं तेव्हा तिथे नेमकं काय होतं, हेही सांगून ठेवते, कारण एजंट ते सांगणार नाही. हवामान खातं वादळाच्या इशाऱ्याच्या पायऱ्या जाहीर करतं, एक ते चार. पहिल्या-दुसऱ्या पायरीला लोक दुकानात पाणी, मेणबत्त्या, पाव घ्यायला रांगा लावतात. तिसरी लागली की बस बंद, दुकानं बंद, सगळे घरात. चौथी म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत नोंदले गेले. विमानतळही बंद होतो. तुम्ही हॉटेलात सुरक्षित असता, त्याची काळजी नको. १९६० साली कॅरोल नावाच्या वादळाने बेटावरची घरं झोपवली, त्यानंतर तिथे काँक्रीटचं बांधकाम वाढलं. पण सुरक्षित असणं वेगळं आणि सुट्टी होणं वेगळं. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर इतकं पाणी भरलं की मोटारी वाहून एकमेकींवर चढल्या. सहा दिवसांच्या सहलीतले दोन-तीन दिवस असे गेले, वर परतीचं विमान पुढे ढकललं, की मिळालेली सवलत जेवणातच संपते.

जाऊबाईंकडे वळू. मे म्हणजे तिकडे हिवाळ्याच्या तोंडावरचे दिवस, हे त्यांचं बरोबर. पण हिवाळा हा शब्द ऐकून आपण महाबळेश्वरला पोचतो, तिथे गडबड होते. मॉरिशसचे सर्वांत थंड महिने जुलै-ऑगस्ट, आणि तेव्हाही किनाऱ्यावर दिवसा २४-२५ अंश असतात, रात्री फार तर १६-१७ पर्यंत उतरतं. सांगलीची डिसेंबरातली पहाट याहून बोचरी असते. मेच्या उत्तरार्धात तर याहून उबदार. समुद्राचं पाणी ऑगस्टात २३ अंशांपर्यंत खाली येतं, मे अखेरीस ते अजून २५-२६ ला टिकून असतं, कारण पाणी जमिनीपेक्षा सावकाश निवतं. तुमचा मुलगा बाहेर यायला तयार होणार नाही, एवढं कोमट. थंडी लागेल ती फक्त मधल्या पठारावर. क्युअरपिप, गंगा तलाव ही ठिकाणं साधारण ५५० मीटर उंचीवर आहेत. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना वर धुकं आणि भुरभुर हे नेहमीचंच. तिथे जायच्या दिवशी सासूबाईंना स्वेटर आणि कानाला रुमाल, विषय संपला.

मे महिन्याची खरी उणीव वेगळीच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. दिवस लहान असतो. आपल्याकडे मेमध्ये सात वाजता उजेड असतो, त्या हिशेबाने तुम्ही दुपारी जेवून, वामकुक्षी आटोपून चारला बाहेर पडाल आणि पावणेसहाला सूर्य मावळलेला असेल. सहा-सव्वासहाला अंधार. म्हणून भटकंती सकाळी आठला सुरू करा. हे तुम्हाला जमेल, कारण तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. घरी सहाला उठणाऱ्या सासूबाई तिथे साडेचारलाच जाग्या होऊन चहा कुठे मिळतो ते विचारतील.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त भर देईन ती: किनारा. महिन्यावर सगळे वाद घालतात आणि किनारा एजंटावर सोडून देतात. मॉरिशस लहान आहे, उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५, तरी एकाच दिवशी दोन बाजूंना दोन हवा असतात. वारा येतो आग्नेयेकडून, वर्षभर, आणि हिवाळ्यात त्याला चांगलाच जोर चढतो. तो आधी पूर्व किनाऱ्यावर आदळतो, मग मधल्या डोंगर-पठारावर चढतो, ढग तिथे रिकामे करतो आणि पश्चिमेकडे कोरडा उतरतो. सह्याद्री जे कोल्हापूर आणि आटपाडीच्या बाबतीत करतो, तेच. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, आणि तासाभराच्या अंतरावरच्या पश्चिम किनाऱ्यावर १००० सुद्धा भरत नाही.

म्हणून मे ते सप्टेंबर या काळात राहायला पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक किंवा उत्तरेचं ग्राँ बे, त्रू ओ बिश. पाणी शांत, वारा डोंगराने अडवलेला. पूर्वेचा बेल मार किनारा दिसायला कदाचित सर्वांत देखणा, पांढरी वाळू लांबच लांब, पण जून-जुलैत हा वारा थेट तिथेच आदळतो, म्हणूनच तेव्हा तिथल्या हॉटेलांची स्वस्त पॅकेजं निघतात. फोटो सुंदर येतो, पण आरामखुर्चीवर बसलं की टॉवेल उडून जातो. बेल मारला जायचं तर नोव्हेंबर-डिसेंबरात, जेव्हा पश्चिमेला घामाच्या धारा लागतात आणि पूर्वेचा वारा हवाहवासा वाटतो. तुम्ही मेच्या शेवटी असाल तेव्हा वाऱ्याने नुकता जोर धरायला सुरुवात केलेली असेल. इल ओ सेर्फ या छोट्या बेटाची होडीची सफर पूर्वेकडूनच निघते, ती सहलीच्या पहिल्या दोन दिवसांतच आखा. वाऱ्यामुळे रद्द झाली तर पुढचा दिवस हाताशी राहतो.

या वाऱ्याबद्दल थोडं अवांतर, कारण तुमचा मुलगा आठवीत आहे आणि भूगोलात हे येणारच. मॉरिशसच्या दक्षिणेला समुद्रावर एक मोठा जास्त दाबाचा पट्टा असतो, त्याला मस्करीन हाय म्हणतात. पुण्या-दिल्लीचे हवामानतज्ज्ञ मान्सूनच्या अंदाजासाठी त्याच्यावर डोळा ठेवून असतात. तिथून निघालेले हे आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मान्सून होऊन कोकणात येतात. तुम्ही बेल मारला ज्या वाऱ्याच्या नावाने बोटं मोडाल, त्याच्याच जिवावर कृष्णेला पाणी येतं. मुलाला हे तिथे वाळूत काठीने काढून दाखवा, पुस्तकातल्या बाणांपेक्षा बरं समजेल.

मुलाचा विषय निघालाच आहे तर: डुंबायला प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं उथळ पाणी निवडा, बेटाभोवती बहुतेक ठिकाणी ती आहे. दक्षिणेला ग्री ग्रीसारख्या ठिकाणी भिंत नाही, लाटा थेट कड्यावर येतात. ते बघायचं ठिकाण, उतरायचं नाही. पायात पाण्यात घालायचे रबरी बूट हवेतच, प्रवाळ कापतं आणि समुद्री साळिंदराचे काटे टोचले की अख्खी संध्याकाळ चिमट्याने काढण्यात जाते. तामारँच्या खाडीत पहाटे डॉल्फिन दिसतात, ते मेमध्येही दिसतील. कुबडे देवमासे बघायचे असतील तर मात्र जुलै ते ऑक्टोबर, त्यात तुम्ही बसत नाही.

तुमच्या ह्यांना नाताळ का नको, हे थोडक्यात सांगा. हवा वाईट नसते; डिसेंबरात मोठा पाऊस अजून यायचा असतो, लिची बाजारात असते आणि गुलमोहर लालबुंद फुललेला असतो, आपल्याकडे मेमध्ये फुलतो तो. पण युरोपातली थंडी टाळायला फ्रेंच, इंग्रज, जर्मन सगळे तेव्हाच उतरतात, शेजारच्या रियुनियन बेटावरच्या शाळांची सुट्टीही त्यातच. हॉटेलांचे दर वर्षातले सर्वांत चढे, वर बऱ्याच ठिकाणी नाताळच्या आणि ३१ च्या रात्रीचं गाला डिनर सक्तीचं, माणशी वेगळे पैसे. सगळं जग तेव्हा जातं ते स्वतःच्या देशातल्या बर्फाला कंटाळून. सांगलीच्या माणसाने सुखाची थंडी सोडून दमट उन्हाळ्यात पैसे देऊन जायचं, हे मला तरी पटत नाही. मेमध्ये उलट गणित आहे. आपल्याकडे ४० अंश, तिकडे २६-२७, आणि युरोपची गर्दी नसल्यामुळे हॉटेलं तुलनेने स्वस्त. विमानाचं तिकीट मात्र मेमध्ये महाग पडतं, कारण मुंबईहून जाणारे आपण सगळे तेव्हाच निघतो. म्हणून तिकीट आधी, हॉटेल नंतर. मुलीची सीईटी कधी आहे ते बघा आणि तारीख पक्की झाली की लगेच तिकिटं काढा.

राहिल्या सासूबाई. त्यांनी ऐकलंय ते खरं आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर कामाला करारावर माणसं नेली, त्यात कोकणातली, रत्नागिरीकडची बरीच होती. त्यांचे वंशज आज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, गणपती नदीत किंवा समुद्रात विसर्जन करतात, शाळांत मराठी शिकवली जाते. (रोजच्या बोलण्यात मात्र क्रिओल. सासूबाई मराठीत विचारतील, समोरून उत्तर भलतंच येईल, त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.) गणपतीचे दिवस हवेच्या दृष्टीने कोरडे आणि चांगले, पण समुद्र सर्वांत गार आणि वारा भरात. मुलगा कुरकुर करील. त्याहून मोठी अडचण म्हणजे तेव्हा तुमच्या मुलीचं कॉलेज नुकतं सुरू झालेलं असणार, आणि स्वतःच्या घरचा गणपती सोडून सांगलीकर बाई मॉरिशसला जाईल हे मला खरं वाटत नाही. पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण तुमच्याकडे गणपती बसत असेल तर सासूबाईंना एवढंच विचारा: आपला कोण बघणार? बहुधा प्रश्न तिथेच मिटेल. आणि तरीही त्यांची ओढ खरीच असेल, तर त्या आणि तुमचे हे अशी दोघांचीच छोटी सहल एखाद्या वर्षी वेगळी करा. तेव्हा तिथली सुट्टी तिथल्याच कॅलेंडरवर तपासा, आपल्यापेक्षा एखादा दिवस पुढे पडते.

मेमध्ये त्यांना रिकाम्या हाताने यावं लागणार नाही. पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. बोटीतून उतरलेली माणसं ज्या दगडी पायऱ्या चढून आत आली त्या अजून तिथे आहेत. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. गुडघेदुखीवाल्यांना तिथे पायऱ्या चढायच्या नसतात, बघायच्या असतात. गंगा तलावाला गाडी अगदी तळ्यापर्यंत जाते, महादेवाची १०८ फुटी मूर्ती तर रस्त्यावरूनच दिसते. महाशिवरात्रीला तिथे पांढऱ्या कपड्यांतले लाखो लोक कावड घेऊन पायी येतात. ते दृश्य टीव्हीवर बघावं, सासूबाईंना त्या गर्दीत नेऊ नये. मेमध्ये तळं निवांत असतं. मराठी मंदिरंही वर्षभर उघडी असतात, हॉटेलच्या टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशी सांगितलं तर तो नेऊन आणील.

मेचं काही कारणाने फिसकटलं तर दुसरा क्रमांक दिवाळीच्या सुट्टीचा. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत कोरडा महिना, वारा पडत आलेला, पाणी पुन्हा तापायला लागलेलं. दिवाळी तिथेही सुट्टीची आणि पणत्यांची. आप्रवासी घाटावर पहिले मजूर उतरले तो दिवस, २ नोव्हेंबर, तिथे दरवर्षी पाळतात. कोकणातल्या माणसांचा माग काढायचा असेल तर हा मुहूर्त गणपतीपेक्षाही बरा. म्हणजे आपल्या शाळांच्या ज्या दोन सुट्ट्यांत महाबळेश्वरला गाडी लावायला जागा मिळत नाही, त्या दोन्ही मॉरिशसच्या चांगल्या दिवसांत येतात. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण फायदा उठवायला हवा.

एजंटाला आता फोन कराल तेव्हा हॉटेलला किती तारे ते नंतर विचारा, आधी किनारा विचारा. ‘पश्चिम किंवा उत्तर, आणि आजींना तळमजल्यावरची खोली’ असं लेखी मागा. तो ‘तेवढ्याच पैशात पूर्वेला एक तारा जास्त देतो’ म्हणेल. नको म्हणा. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांचं आहे, एका जागी बसून सासूबाईंचे गुडघे आखडतील, म्हणून मधल्या वाटेकडेची सीट तिकिटाबरोबरच मागून घ्या. आणि त्यांची शाल हातातल्या पिशवीत ठेवा. विमानात लागेल, आणि पुढे गंगा तलावावरही.